मोडतो का बघ! : वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

गेल्या अंकात मी नववी-दहावीची भूमिती जिओजेब्रा या सॉफ्टवेअरवर कशी शिकवत आले ते लिहिलं होतं. त्यात एवढंच सांगितलं होतं, की पडद्यावरच्या आकृतीचा शिरोबिंदू मुलांनी स्वतःच्या हातानं ओढला पाहिजे. त्यावर बरीच पत्रं आली. पाच पत्रांना इथे उत्तर देते.

आमच्या नववीच्या वर्गात ५४ मुलं आहेत. प्रोजेक्टर एक, आणि संगणक कक्षातले चालू संगणक सहा. मी घरून मध्यगा, शिरोलंब, परिवर्तुळ असं सगळं रंगीत तयार करून आणते आणि दाखवते. मुलं खूश होतात, पण चाचणीत साधी आकृती काढता येत नाही. माझं काय चुकतंय?
– एक शिक्षिका, सोलापूर जिल्हा

तुमची मेहनत मला दिसते, कारण पहिली दोन वर्षं मीही रात्री जागून अशाच फाइली बनवल्या. मुलांनी त्या टीव्ही बघावा तशा बघितल्या. विचार सगळा माझा झालेला होता, त्यांच्या वाट्याला बघणं तेवढं उरलं होतं.

मग एकदा मी रिकामा पडदा ठेवला आणि एका मुलीला सांगितलं, चौरस काढ. तिनं चौकटींच्या जाळीवर चार रेषाखंड नीट काढले. प्रत्येक बाजू ४, प्रत्येक कोन ९० अंश, सगळं पडद्यावर मोजून दाखवलं. मी म्हटलं, छान, आता वरचा उजवा कोपरा धरून ओढ. तिनं ओढला आणि चौरसाचा वेडावाकडा चौकोन झाला. “बाई, मोडला!” ती इतकी घाबरली, की संगणकच बिघडला असं तिला वाटलं असावं. मी वर्गाला विचारलं, का मोडला? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “बाई, चारी बाजू सारख्या राहायला पाहिजेत, हे तिनं कुठं सांगितलंच नाही.”

त्या तासाला मला यापेक्षा जास्त काही शिकवायचं नव्हतं. पुढची वीस मिनिटं मुलं सांगत राहिली आणि ती करत राहिली. अब हा रेषाखंड घे. अ मधून त्याला लंब काढ. केंद्र अ आणि त्रिज्या अब घेऊन वर्तुळ काढ. ते लंबाला छेदतं तिथे ड. ड मधून अबला समांतर, ब मधून अडला समांतर. मग ब धरून ओढला. चौरस फिरला, मोठा झाला, लहान झाला, पण चौरसच राहिला. वर्गात टाळ्या पडल्या. त्या दिवसापासून आमच्या वर्गाचा शब्द ठरला, “मोडतो का बघ.” कुणीही आकृती काढली, की शेजारचा आधी कोपरा ओढायचा.

याचा फायदा व्याख्यांना होतो. ‘चौरस हा समभुज चौकोन असतो’ हे वाक्य मुलं पाठ करतात, मनातून मान्य करत नाहीत. पण स्वतः बांधलेला समभुज चौकोन ओढता ओढता मध्येच चौरस होऊन पुढे जातो, हे एकदा बघितलं की ते वाक्य त्यांचं होतं.

आता सहा संगणकांचं. एका संगणकाला नऊ मुलं येतात. दोन चालवतात, सात गप्पा मारतात. त्यापेक्षा प्रोजेक्टरच्या एकाच संगणकावर एक मुलगी बसवा आणि बाकीच्यांना तोंडी सांगू द्या. अट एकच, तिनं सांगितलं तेवढंच करायचं. “तिकडून एक रेघ मार” असं कुणी म्हणालं, की तिनं विचारायचं, कुठल्या बिंदूतून? कशाला समांतर, की लंब? आठवड्याभरात मुलांची भाषा नेमकी होते. एरवी ‘रेषा’, ‘किरण’ आणि ‘रेषाखंड’ यांतला फरक मी फळ्यावर कितीदा लिहिला असेन, त्यानं जे झालं नव्हतं ते यानं झालं.

आणि शिरोबिंदू हलवण्याआधी प्रत्येकानं वहीत अंदाज लिहायचा, हे सोडू नका. मी परिमध्य शिकवताना तीन वस्त्या घेते. तिन्हींपासून सारख्या अंतरावर पाण्याची टाकी बांधायची आहे, कुठे येईल? दोन बाजूंचे लंबदुभाजक जिथे छेदतात तिथे. तिसऱ्या बाजूचा लंबदुभाजकही तिथूनच का जातो, ते मुलं थोड्या विचारानं सांगतात. मग मी विचारते, क ही वस्ती अब रस्त्याच्या जवळ सरकवली तर टाकी कुठे जाईल? बहुतेक वह्यांत ‘त्रिकोणाच्या मध्यभागी’ असं असतं. क सरकवायला लागलं, की टाकीही सरकते. क काटकोन झाला, की ती नेमकी कर्णाच्या मध्यावर येते. कोन विशाल झाला, की त्रिकोणाबाहेर पडते. क अगदी रस्त्याला टेकत आला, की टाकी पडद्याबाहेर निघून जाते. आणि तिन्ही वस्त्या एका रेषेत आल्या, की लंबदुभाजक समांतर होतात आणि टाकीच नाहीशी होते. कॅनॉलच्या कडेच्या वस्तीवरचा एक मुलगा तेव्हा उठून म्हणाला होता, “बाई, आमच्या तिन्ही वस्त्या एकाच रस्त्यावर आहेत, मग आमची टाकी होणारच नाही का?” एकरेषीय तीन बिंदूंतून वर्तुळ जात नाही, हे त्या वर्गाला पुन्हा सांगावं लागलं नाही.

टाकी कर्णाच्या मध्यावर येते त्या क्षणी थांबा आणि तिथे परिवर्तुळ काढायला लावा. पुढच्या वर्षी ‘अर्धवर्तुळात अंतर्लिखित झालेला कोन काटकोन असतो’ हे आलं, की मुलं म्हणतात, ही तर आपली टाकी.

चाचणीत आकृती येत नाही, कारण हात कागदावर फिरलेला नाही. तास पडद्यावर झाला, तरी गृहपाठ पेन्सिल, पट्टी आणि कंपासचाच द्या, आणि रचना तीच द्या. पडद्यावर ज्या क्रमानं बांधली, त्याच क्रमानं कागदावर.

शाळेसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं? खर्च किती येईल?
– एक मुख्याध्यापक, सांगली जिल्हा

शाळेत शिकवण्यासाठी जिओजेब्रा फुकट आहे, आणि एकदा संगणकावर घातलं, की इंटरनेट लागत नाही. मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात शिकत असताना २००१ मध्ये ते सुरू केलं. जॉमेट्री आणि अल्जिब्रा मिळून हे नाव झालं. त्याआधी फ्रान्समधल्या ग्रेनोबलचं काब्री आणि अमेरिकेतलं जॉमेटर्स स्केचपॅड या सॉफ्टवेअरनी हीच वाट पाडलेली होती. शिक्षकांना शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात जिओजेब्राचे छोटे छोटे पाठ आहेत.

खर्चाबद्दल एक अनुभव सांगते. आमच्या शाळेनं एकदा बरेच पैसे देऊन ‘डिजिटल भूमिती’ घेतली. उघडल्यावर कळलं, की आत नुसत्या चित्रफिती आहेत. त्रिकोण आपला आपण फिरतो, गोड आवाजात कुणी प्रमेय सांगतं, पण शिरोबिंदूला हात लावला तर काही हलत नाही. ते पैसे ग्रंथालयाला गेले असते, तर मला वाईट वाटलं नसतं. विकायला कुणी आलं, तर त्यांना म्हणा, हा बिंदू मला ओढून दाखवा.

मुलगा दहावीला आहे. म्हणतो, “आई, संगणकावर मोजलं तर तिन्ही कोनांची बेरीज १८० येते. मग सिद्धता कशाला पाठ करायची?” मला उत्तर सुचलं नाही.
– एक आई, डोंबिवली

ताई, तुमच्या मुलानं फार चांगला प्रश्न विचारला आहे. त्याला रागावू नका. सिद्धता पाठ करावी लागते असं त्याला वाटतं, यात त्याचा दोष नाही. आपणच ती तशी शिकवत आलो.

आधी त्याला एक गंमत दाखवा. कोन दोन दशांश स्थळांपर्यंत दिसतील असं करून त्रिकोण हलवत राहा आणि दिसणारे आकडे कागदावर मिळवत राहा. कधी ना कधी ४७.३४, ६१.३४ आणि ७१.३३ अशासारखे आकडे येतील. बेरीज करा, १८०.०१! संगणक आकडे जवळच्या शतांशाला नेऊन दाखवतो, म्हणून असं होतं. मग बेरीज नक्की १८० आहे, की १८०.००४ आहे? हे मोजून कसं ठरवणार? आणि त्यानं शंभर त्रिकोण हलवून पाहिले, तरी न पाहिलेले किती उरले?

पण खरं सांगायचं तर एवढ्यानं मुलाचं मन वळत नाही. १८० त्याला सातवीपासून माहीत आहे, त्यात त्याला आश्चर्य उरलेलं नाही. सिद्धतेची भूक लागायला आधी आश्चर्य वाटावं लागतं. म्हणून मी दुसरंच काही करून बघायला सांगते.

त्याला म्हणावं, अबकड हा अगदी वेडावाकडा, मुद्दाम कुरूप चौकोन काढ. चारही बाजूंचे मध्यबिंदू घे आणि क्रमानं जोड. आत काय झालं? समांतरभुज चौकोन. तो म्हणेल, योगायोग असेल. ओढ म्हणावं कुठलाही कोपरा. बाहेरचा चौकोन कसाही बिघडला, तरी आतला सुबकच राहतो. एक कोपरा आत ढकलून बाणाच्या टोकासारखा आकार करू दे. बाजू एकमेकींवरून जातील असा कोपरा पलीकडे नेऊ दे. तरीही तेच. माझ्या वर्गात हे झालं, की सुरुवातीला हसू येतं, मग मुलं गप्प होतात, आणि मग कुणीतरी विचारतं, “बाई, पण का?”

त्या ‘का’साठी मी हे सगळं करते. आता सिद्धता त्याला स्वतःलाच हवी आहे. उत्तर एका रेषेत आहे. अक हा कर्ण जोडायचा. त्रिकोण अबक मध्ये अब आणि बक यांचे मध्यबिंदू जोडणारा रेषाखंड अकला समांतर आणि अकच्या निम्मा असतो, हे नववीत झालेलं आहे. पलीकडच्या त्रिकोण अडक मध्येही तेच. मग ते दोन्ही रेषाखंड एकाच कर्णाला समांतर, आणि दोघेही त्याच्या निम्मे. म्हणजे एकमेकांना समांतर आणि एकमेकांएवढे. झालं! पियेर व्हारिन्यो या फ्रेंच गणितीचं हे प्रमेय त्याच्या मृत्यूनंतर, १७३१ मध्ये छापलं गेलं.

मुलाला हे पटलं, तर पुढचं कोडं द्या. आतला चौकोन आयत व्हायला हवा असेल, तर बाहेरच्या चौकोनात काय असावं लागेल? आणि समभुज व्हायला हवा असेल तर? उत्तर तुम्ही सांगू नका. कर्णांकडे बघ, एवढंच म्हणा.

मी ३४ वर्षं खडू आणि लाकडी कंपासनं भूमिती शिकवली. हाताला वळण लागल्याशिवाय भूमिती येत नाही. या सॉफ्टवेअरनं मुलं आळशी होतील असं वाटतं. आपलं मत काय?
– एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर

सर, तुमचं पहिलं वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे. कंपासचं टोक कागदात रुततं, कंस मारताना त्रिज्या सरकू द्यायची नसते, दोन कंस अगदी उभे-आडवे छेदले तर बिंदू नेमका मिळतो आणि निसटते छेदले तर अंदाजे. हे शहाणपण बोटांतून येतं. लंबदुभाजकाचं तयार बटण दाबून ते येणार नाही. म्हणूनच मी पहिले दोन महिने मुलांना ती तयार बटणं वापरू देत नाही. बिंदू, रेषा आणि वर्तुळ, एवढ्यावरच सगळं बांधायचं. तुमची कंपासपेटीच पडद्यावर आणली, असं समजा.

पण फळ्यावर आपल्याला एक गोष्ट जमत नव्हती, सर. फळ्यावरचा त्रिकोण हलत नाही. आपण काढतो तो त्रिकोण जवळजवळ नेहमी लघुकोन, पाया आडवा, शेंडा वर. मुलांच्या मनात तोच ‘त्रिकोण’ बसतो. त्रिकोण जरा तिरका झाला, की पाया कुठला ते त्यांना कळत नाही. विशालकोन त्रिकोणात शिरोलंब बाहेर पडला, की मुलं म्हणतात, चुकलं. तो बाहेर जाताना एकदा डोळ्यांनी पाहिला, की ही भीती जाते.

आणि मी पडद्यावर थांबत नाही. एकदा गणिताचा तास पाहायला पाहुणे आले होते आणि नेमकी वीज गेली. मी मुलांना मैदानात नेलं. दोरी, दोन खुंट्या आणि फक्की एवढ्यावर आम्ही लंबदुभाजक काढला. तेव्हा मुलांना सांगितलं, की शुल्ब म्हणजे दोरी, आणि यज्ञवेदी बांधायच्या शुल्बसूत्रांतली भूमिती अशी दोरीनंच मांडायची भूमिती होती. बौधायनानं आयताच्या कर्णाबद्दल सांगितलेला नियमच आज आपण पायथागोरसचं प्रमेय म्हणून शिकतो. त्या तासाला सॉफ्टवेअर नव्हतं, तरी मुलं विचारत होती, “खुंटी इकडे सरकवली तर?” हा प्रश्न त्यांना पडद्यानं लावला होता.

गवंडी खोलीची आखणी करताना समोरासमोरच्या भिंती सारख्या घेतो, तरी दोरी दोन्ही कर्णांवर लावून बघतो. का? मी मुलांना लाकडी पट्ट्यांची चौकट करायला सांगते. दोन पट्ट्या १२ इंचाच्या, दोन ९ च्या, कोपऱ्यांत सैलसर स्क्रू. चौकट कलली, तरी बाजू तेवढ्याच राहतात, पण एक कर्ण वाढतो आणि दुसरा कमी होतो. दोन्ही १५ इंच झाले, की चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात, आली. मग तीच चौकट पडद्यावर. एक कर्ण १३ इंचावर आणला, की दुसरा साधारण १६.७६ होतो. मुलं आकड्यांकडे बघत बसतात, काही सापडतंय का. कुणीतरी वर्ग करून बघतं. १३ चा वर्ग १६९, दुसऱ्याचा २८१, बेरीज ४५०. चौकट सरळ केली, की २२५ आणि २२५, पुन्हा ४५०! कशीही कलवा, ४५० हलत नाही. दहावीच्या पुस्तकातलं अपोलोनियसचं प्रमेय (त्रिकोणाच्या बाजूंचे वर्ग आणि मध्यगेचा वर्ग यांचं नातं) घेऊन त्याची सिद्धता मुलं स्वतः मांडतात. लाकडाच्या चौकटीवर मोजपट्टीनं एवढं नेमकं येत नाही आणि नुसत्या पडद्यावर हाताला काही लागत नाही. मला दोन्ही लागतात, सर. तुमच्याकडचा लाकडी कंपास एखाद्या नव्या शिक्षकाला देणार असाल, तर तो कसा धरायचा तेही त्याला शिकवा. आमच्याकडच्या दोन तरुण शिक्षकांना ते येत नव्हतं.

मी नववीत आहे. घरी फक्त बाबांचा मोबाइल आहे. त्यावर जमेल का? आणि एक शंका. दोन त्रिकोण एकरूप आहेत का हे ठरवायला बाकोबा (बाजू-कोन-बाजू) कसोटी आहे, बाबाबा आहे, कोबाको आणि कोकोबा आहे. मग बाबाको का नाही? सरांनी ‘नसते’ एवढंच सांगितलं.
– एक विद्यार्थिनी, चिपळूण तालुका

मोबाइलवर चांगलं जमतं, बाळा. जिओजेब्राचं भूमितीचं ॲप एकदा उतरवून घेतलंस, की नेटशिवाय चालतं. अडचण एवढीच, की बोटाखाली बिंदू झाकला जातो. आकृती दोन बोटांनी मोठी करून घे आणि मग ओढ. शेजारी वही-पेन्सिल हवीच.

आता तुझी शंका. ‘नसते’ या उत्तरावर तू थांबली नाहीस, याचा मला फार आनंद झाला. सांगते तशी आकृती कर.

अब हा ८ सेंटिमीटरचा रेषाखंड घे. अ पाशी ३० अंशांचा कोन करून एक किरण काढ. आता एक स्लायडर (सरकवून आकडा कमी-जास्त करायची पट्टी) घे, २ पासून १० पर्यंत. केंद्र ब आणि त्रिज्या त्या स्लायडरएवढी, असं वर्तुळ काढ. हे वर्तुळ किरणाला जिथे छेदेल तिथे क. म्हणजे तुझ्याकडे अब आणि बक या दोन बाजू आहेत, आणि कोन अ, जो त्या दोन बाजूंच्या मध्ये नाही. हाच तुझा बाबाको.

स्लायडर हळूहळू सरकव. त्रिज्या ३ आहे तेव्हा वर्तुळ किरणापर्यंत पोहोचतच नाही, त्रिकोणच होत नाही. ४ झाली, की वर्तुळ किरणाला अलगद टेकतं, एकच त्रिकोण, आणि क पाशी कोन किती झाला ते मोजून बघ. आता ५ वर आण आणि थांब. वर्तुळ किरणाला दोन ठिकाणी छेदतं. दोन क, दोन त्रिकोण. दोघांत अब ८ च, बक ५ च, कोन अ ३० च, आणि तरी एक त्रिकोण अरुंद, दुसरा लांबलचक. ते एकरूप आहेत का? तूच सांग. बाबाको कसोटी का नाही, त्याचं उत्तर तुझ्या बोटाखाली आहे.

पुढे ८ वर काय होतं ते नीट बघ, दोनांपैकी एक क कुठे जातो? आणि ८ च्या पुढे गेल्यावर किती त्रिकोण राहतात?

एवढं झालं, की अ पाशी ३० च्या जागी ९० कर आणि स्लायडर पुन्हा सरकव, या वेळी १० च्याही पुढे जाऊ दे. तुमच्या पुस्तकात कर्णभुजा कसोटी आहे: दोन काटकोन त्रिकोणांचा कर्ण आणि एक भुजा सारखी असली, की ते एकरूप. तिच्यातही दोन बाजू आहेत आणि कोन त्यांच्या मध्ये नाही, तरी ती चालते. का चालते, ते पडद्यावर दिसल्यावर स्वतःच्या शब्दांत एका कागदावर लिही, खाली पट्टी-कंपासनं आकृती काढ, आणि मासिकाच्या पत्त्यावर मला पाठव. पुढच्या अंकाची पानं महिनाअखेरीला जातात, त्याआधी आलं तर तुझी आकृती याच पानावर छापू.